राखणदाराचे डोळे

सन एकोणीसशे त्र्याऐंशी. माझं वय बेचाळीस. त्या वर्षी मी माझ्याच हातच्या अक्षरांना घाबरलो.

तसा मी भित्रा नाही. परांचीवर उभं राहून भिंतीएवढी अक्षरं काढलेला माणूस आहे. खाली बघायची भीती वाटायची, पण ती उंचीची. अक्षराची नव्हे.

ह्या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, धंद्यातल्या गमती लिहा. दोन-चार लिहितो, पण मला सांगायचंय ते दुसरंच आहे. शाळा माझी चौथीपर्यंत, ती देवगडाकडच्या खेड्यात. तरी कुणी माझं लिखाण सुधारत बसू नये. उभा जन्म मी दुसऱ्यांची नावं लिहिली, आता माझं जसंच्या तसं छापावं.

घाटकोपरला भटवाडीत माझा गाळा होता. मी बोर्ड रंगवायचो. पण रंगवणं हा निम्मा धंदा, उरलेला निम्मा नाव ठेवण्याचा. गिऱ्हाईक येतं तेव्हा त्याच्याकडे दुकान असतं, माल असतो, मुहूर्तही असतो. नाव नसतं. नाहीतर असतं ते बायकोचं, आईचं आणि थोरल्या मुलीचं जोडून केलेलं, म्हणताना जीभ अडकते. मी त्याला रस्त्याच्या पलीकडे उभा करायचो आणि म्हणायचो, आता दुकानाला हाक मार. ओरडताना लाज वाटली तर नाव बाद. दम लागला तरी बाद. अंधेरीचा एक फर्निचरवाला तिथूनच परत गेला, पुन्हा आला नाही. गेला तर गेला.

नावाखालची ओळ त्याहून अवघड. मुलुंडच्या एका लाँड्रीवाल्याला मी लिहून दिलं, 'उद्या म्हणजे उद्याच'. पावसाळ्यात तो रडत आला. म्हणाला, कपडे वाळत नाहीत आणि लोक बोर्डाकडे बोट दाखवून भांडतात, तेवढी ओळ पुसा. मी पुसली नाही. म्हटलं, ओळ राहील, तू कामाला माणूस वाढव. त्याने वाढवला, आणि पुढे शेजारचा गाळाही घेतला. भिंतीवर लिहिलेलं लोक धरून बसतात, हे मी असं शिकलो होतो. धरून बसतात म्हणजे काय करतात, ते पुढे कळलं.

त्या काळात घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आग्रा रोडला नुसते कारखाने. प्रत्येक कारखान्यात कसला ना कसला सप्ताह चाललेला असायचा. स्वच्छतेचा, काटकसरीचा, सुरक्षेचा. त्यांची नावं ऑफिसात बसून ठेवलेली, कामगार ती वाचायचेच नाहीत. भिंतीला रंग दिलाय एवढंच त्यांना कळायचं.

भांडुपच्या एका कारखान्यातून मला बोलावणं आलं. डब्यांची झाकणं काढणारा कारखाना. माझा धाकटा भाऊ दत्ता तिथेच प्रेसवर होता. संपात त्याची गिरणी गेली, मग बरेच महिने घरी बसून काढल्यावर ही नोकरी लागलेली. ती टिकवायची म्हणून तो जीव तोडून काम करायचा.

प्रेस म्हणजे काय ते सांगतो. खाली पत्रा ठेवायचा, वरून लोखंडाचा ठोकळा खाली येतो, झाकण कापून परत वर जातो. डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ. माणसाचा हात आत राहू नये म्हणून बाहेर दोन बटणं दिलेली, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच ठोकळा खाली येतो. म्हणजे तेव्हा दोन्ही हात बाहेर असलेच पाहिजेत. पण कामगार काय करायचे, एका बटणात लाकडाची पाचर मारून ते दाबलेलं ठेवायचे. मग एकाच हाताने मशीन चालवायची आणि दुसरा हात आत, पत्रा सरकवायला. काम भराभर होतं. हात जातो तोही भराभर.

गेटवरच्या वॉचमनने मला पास दिला, तो अंगठा आणि तळवा यांच्यात धरून. मधली बोटं नव्हती. तो आधी प्रेसवरच होता. पास घेताना माझा हात त्याच्या हाताला लागला आणि मला दत्ताचा हात आठवला. दत्ताची बायको पहाटे कामाला जायची, म्हणून दोन्ही मुलींच्या वेण्या तोच घालायचा. बायकांनी बघत राहावं अशा घट्ट, सरळ वेण्या.

सुरक्षेचे साहेब आपटे. पुण्याकडचे, वयाने लहान, माणूस तळमळीचा. दिवसभर शॉपमध्ये फिरून पाचरी काढायचे. त्यांची पाठ फिरली की पाचर परत. त्यांनी माझ्यापुढे नाव ठेवलं, 'सुरक्षा संवर्धन अभियान'. मी म्हटलं, साहेब, हे ओरडून दाखवा. भला माणूस, खरंच ओरडला. शिपाई धावत आत आला, काय झालं म्हणून.

आपटे साहेब हसले आणि म्हणाले, मग तुम्हीच सांगा.

मी शॉपमध्ये चक्कर मारली. प्रेसवरची बहुतेक माणसं आमच्याकडची, कोकणातली, गिरण्यांतून सुटलेली. साहेबाला ती घाबरत नव्हती. मशीनलाही फारशी नाही, कारण रोज समोर असलेल्या मशीनची माणसाला आठ दिवसांत सवय होते. जिची कधीच सवय होत नाही, अशा भीतीचं नाव मला पाहिजे होतं. ते मला ठाऊक होतं.

आमच्या गावाच्या वेशीवर राखणदार असतो. तो देवळात बसत नाही. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, रात्री गावाभोवती फिरतो. काठीचा आवाज ऐकलेली माणसं आहेत. त्याला वर्षाचा मान द्यायचा, नारळ ठेवायचा. दिला नाही, नाहीतर खोटं वागलं, तर ओळखीच्या रानात माणूस वाट चुकतो आणि सकाळी काट्यांत सापडतो. आपट्यांनी विचारलं, देव आहे का हा? म्हटलं, देव नव्हे, पण त्याची थट्टा करू नका.

प्रेससमोरच्या भिंतीवर मी काठी आणि घोंगडी काढली आणि वर दोन डोळे, बाकी चेहरा नाही. खाली लिहिलं:

दोन्ही हात दाखवा. राखणदार बघतोय.

डोळे शेवटी काढले. आमच्याकडे गणपतीचे डोळे रेखतात, त्याला आखणी म्हणतात. ती शेवटी करायची, कारण आखणी झाली की ती माती राहत नाही. मी बुबुळं अशी ठेवली, की कुठल्याही मशीनवर उभं राहा, ती आपल्याकडेच बघतात. शिडीवरून उतरून मागे वळलो तर माझ्याकडेही बघत होती.

दुसऱ्या पाळीची माणसं आत आली ती बोलत बोलत, आणि बोर्डापाशी गप्प झाली.

पाचरी गेल्या. नुसत्या गेल्या नाहीत, माणसांनी आपल्या हाताने आणून त्या बोर्डाखाली टाकल्या. ढीग झाला लाकडांचा. आपट्यांनी मला कँटीनमध्ये नेऊन चहा पाजला, दुसऱ्या कारखान्यांतून विचारणा आल्या. मी छाती काढून चालत होतो. आजही सांगतो, त्या नावाएवढं चाललेलं दुसरं नाव मी ठेवलं नाही. नाव वाईट होतं असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही.

शॉपमध्ये सावंत म्हणून जुने कामगार होते. गावाकडे गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराण्याकडे. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडायचं मागणं. एकाने मांडायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. सावंतांना बोर्डाची काळजी वाटायला लागली. डोळे उघडलेत आणि मान कुणी देत नाही, हे बरं नव्हे. त्यांनी अमावास्येला बोर्डापुढे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. मुंबैक पोट भरूक इलेली ही लेकरां, ह्यांची राखण कर. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. मीही तिथे होतो, मीही म्हणालो. बरं वाटलं.

त्यानंतर रिवाजच पडला. पाळी सुरू होताना बोर्डापुढे यायचं, दोन्ही तळवे डोळ्यांना दाखवायचे आणि कामाला जायचं.

काही दिवसांनी मी तिथल्या कँटीनचा बोर्ड रंगवत होतो. प्रेस खात्याचे मिस्त्री गायकवाड तिथे आले. नगरकडचे, बौद्ध समाजातले, अबोल माणूस. त्या नारळाला त्यांनी कधी विरोध केला नव्हता आणि ते कधी पुढेही आले नव्हते. शिडीखाली उभे राहून म्हणाले, "पेंटर, तुमचा देव माझ्या खात्यात कामाला लागला, आणि माणसं सुट्टीवर गेली."

मला कळेना. ते म्हणाले, या, दाखवतो.

खात्यात गेलो. बोर्डाखालचा ढीग कमी झाला होता. समोरच्याच मशीनवर दत्ता. डाव्या बटणात पाचर, डावा हात आत. ठोकळा खाली येत होता, वर जात होता, आणि त्याची बोटं प्रत्येक वेळी अगदी शेवटच्या क्षणी बाहेर येत होती. मला हाक मारायचीही भीती वाटली. हाक मारली आणि त्याने वळून बघितलं तर? मी तिथे उभा राहिलो, तोंड मिटून, जेवणाचा भोंगा होईपर्यंत.

मग त्याला बाजूला घेतलं. तो हसला. म्हणाला, सकाळी दोन्ही हात दाखवलेत की. मी म्हटलं, हात मशीनवर बाहेर ठेवायचे असं लिहिलंय, बोर्डाला दाखवायला नव्हे.

"दादा, सावंतांनी नारळ दिल्यानी हा," तो म्हणाला. "भार त्याच्यावर घातलो. आता तू कित्याक भियतंस? आणि त्याका हंय आणलंस कोणी, तूच ना?"

 राखणदार नसतोच, असं म्हणू? मी मानतो त्याला. आजही मानतो. गावाकडे नारळ दिला की माणूस निर्धास्त होऊन रानात शिरतो, हीच आमची रीत. एकदा भार घातला की परत काळजी करणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास. दत्ता रीतीनेच वागत होता, सगळेच रीतीने वागत होते. बोर्डाआधी पाचर मारताना माणसाला निदान मनातून तरी थोडी धास्ती असायची. माझ्या बोर्डाने तेवढीही काढून घेतली होती.

तेव्हापासून मला अन्न गोड लागेना. सकाळी मुद्दाम दत्ताकडे जायचो, चहाच्या निमित्ताने. तो मुलींच्या वेण्या घालत असायचा आणि मी त्याची बोटं बघत बसायचो. त्याची बायको एकदा सुट्टी म्हणून घरी होती, ती म्हणाली, भावोजी, हल्ली तुम्ही रोज येता, काही काम आहे का? काही नाही म्हटलं.

मग ते झालं. दत्ताच्या मशीनने डबल मारला. म्हणजे बटण एकदाच दाबलं आणि ठोकळा दोनदा खाली आला. त्याच्या हातमोज्याच्या बोटाचं टोक झाकणाबरोबर कापलं गेलं. आतलं बोट वाचलं, नखाला नुसता धक्का बसला. निरोप आला म्हणून मी धावत पोचलो, तर खात्यात रडारड नव्हती, आनंद होता. तो कापलेला तुकडा सावंतांनी बोर्डाखाली ठेवला होता आणि माणसं हात जोडत होती. राखणदाराने राखलं. दत्ता पांढराफटक पडलेला, पण तोही मान हलवत होता.

एका माणसाचं बोट थोडक्यात राहिलं, त्यातून सगळ्या खात्याची हिंमत वाढली. जे मोजके बिनपाचरीचे होते, त्यांनीही दुपारी पाचर मारली.

मी आपट्यांकडे गेलो. म्हटलं, बोर्ड पुसू द्या. त्यांचा चेहरा उतरला. पाचरी परत आल्यात हे त्यांना दिसत होतं, आंधळे नव्हते ते. पण हेड ऑफिसची माणसं तोच बोर्ड बघायला यायची होती. म्हणाले, तेवढं होऊ द्या, मग पुसू. मला त्यांचा राग आला नाही. नोकरी जाण्याची भीती कशी असते, ती मी घरात बघत होतो.

सावंतांकडे गेलो. ते रागावले नाहीत, तेच जास्त वाईट होतं. हळू आवाजात म्हणाले, "पेंटर, डोळे तू काढलंस. आता ते पुसायचे तर त्याका विचारलंस? तुझी पोरां हत. माका तुझी काळजी वाटता."

मला पोरं आहेत हे मला ठाऊक होतं. घरी येऊन त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. एका बाजूला भावाचा हात, दुसऱ्या बाजूला ह्यांची तोंडं. शिकलेला माणूस हसेल. त्याने हसावं. डोळे त्याने काढलेले नव्हते, मी काढले होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी नारळ घेऊन खात्यात शिरलो. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, आणि नाही ऐकायची मला सवय नाही. माणसं डबे खात होती. मी बोर्डापुढे नारळ ठेवला आणि शिडी लावली. सगळे उठून जवळ आले. त्यांना वाटलं, मोज्याच्या वेळेला राखलं त्याचा मान द्यायला आलोय.

गाऱ्हाणं घालण्याचा हक्क माझा नाही. आमचं घराणं मानाचं नाही. तरी मोठ्याने सुरुवात केली.

"बा राखणदारा म्हाराजा, तुका हंय आणलंय तो मी."

"व्हय म्हाराजा." सगळ्यांत आधी सावंतच म्हणाले.

"तुझी हद्द गावची. हंयच्या मशिनीची वहिवाट तुका ठावक नाय."

"व्हय म्हाराजा."

"तर आजपासून जो कोण बटणाक पाचर मारीत, तेच्या हाताचो भार तुझ्यावर नाय. तो तेच्या पोराबाळांवर."

सावंतांचं तोंड उघडं राहिलं. मी काय वदवून घेतोय ते त्यांच्या ध्यानात आलं होतं. पण गाऱ्हाण्याला हुंकार न देणं आमच्यात कुणाला जमत नाही. वाक्य संपलं की तोंडातून येतंच. "व्हय म्हाराजा," मागची माणसं म्हणाली, आणि त्यांत मला दत्ताचा आवाज ओळखू आला.

 जे म्हणायचं नव्हतं ते म्हणून झालं होतं, आणि राखणदाराच्या समोर.

मी शिडीवर चढलो. डब्यात पांढरा रंग होता. ब्रश डोळ्यांपर्यंत नेला आणि शिडी हलायला लागली. खाली बघायची हिंमत नव्हती. कोणी ओढून पाडेल असं वाटत होतं. तेवढ्यात शिडी हलायची थांबली. कुणीतरी खालून घट्ट धरली होती. सावंत होते.

"चढलंस तर आता अर्ध्यार सोडू नको," ते म्हणाले. "पुरो कर."

मी आधी डावा डोळा झाकला, मग उजवा.

आपट्यांनी मला केबिनमध्ये बोलावून खूप ऐकवलं. ऐकून घेतलं. त्या कारखान्याचं बोर्डांचं काम त्या दिवशी गेलं ते गेलंच. पण त्याचं काही नाही. मला लागलं ते दत्ताचं. पाळी सुटल्यावर तो गेटबाहेर माझ्याबरोबर चालत आला. मग म्हणाला, "दादा, काल माझा बोट तुटता तुटता राहिला तेव्हा मी भियलंय नाय. आज भियलंय. उद्या त्या मशिनीर मी उभो कसो रवतलंय?"

मी म्हटलं, भिऊनच उभा राहा. त्याने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्याच्या घराचं छप्पर काढलंय. मग तो पुढे निघून गेला.

त्या रात्री घरात भांडं पडलं तरी मी दचकत होतो. मुलांना दोनदा उठून बघितलं. अधिकार नसताना त्याच्या हद्दीच्या गोष्टी मी बोललो होतो, आणि त्याचं उत्तर कधी, कुणावर येईल, हे सांगणारं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गायकवाड मिस्त्रींना गेटवर गाठलं. त्यांनी आपट्यांना काय सांगितलं कुणास ठाऊक, मला आत सोडलं. मी लाल रंगाचा लहान डबा घेतला आणि दत्ताच्या मशीनची दोन्ही बटणं रंगवायला बसलो. त्यांच्यावर काही लिहिलं नाही, दोन्ही हात इथे ठेवायचे एवढं दिसलं की पुरे. पहिला कोट दिला, थांबलो, मग दुसरा दिला. इतकं सावकाश काम मी जन्मात केलं नव्हतं. दत्ता बाजूला उभा होता, कालपासून माझ्याशी बोललेला नव्हता. शेवटी त्यानेच विचारलं, "कधी सुकतला?"

"दुपारपर्यंत," मी म्हटलं. "तोवर मशीनला हात लावू नको."

तो हात मागे बांधून उभा राहिला, आणि मी रंग सुकायची वाट बघत त्याच्या शेजारी बसून राहिलो.